ब्रॅकशॉचा आठवडा

माणूस दारात उभा राहिला की विनी ऑरमरॉड आधी त्याचे बूट बघायची, मग पिशवी, आणि तोंड सगळ्यात शेवटी. "तोंड काय, कुणीही धुऊन येतं," असं तिचं म्हणणं. आणि तिला नावं तरी कशी ठेवायची? लग्न नवं होतं तेव्हा तिच्याकडे एक निवृत्त कप्तान उतरला होता. कप्तान कसला, मेल्यानं बोटीत पाय तरी ठेवला होता की नाही देव जाणे! पंधरवडाभर फुकट जेवला, मिशांना पीळ देत वादळांच्या गोष्टी सांगितल्या, आणि एका सकाळी बैठकीतलं घड्याळ आणि तिच्या नवऱ्याची, क्लेमची, रविवारची विजार घेऊन पसार झाला. तेव्हापासून ही बाई ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून प्यायची.

तिच्या घराचं नाव 'सी व्ह्यू'. समुद्र दिसायचा, नाही असं नाही. वरच्या मजल्यावरच्या संडासात बादली पालथी घालून तिच्यावर उभं राहिलं, की खिडकीतून बोटभर दिसायचा. आमच्या हॅलबीत पुढची रांग पैसेवाल्यांच्या हॉटेलांची, मागच्या तीन गल्ल्या विनीसारख्या घरमालकिणींच्या. नियम सगळीकडे तेच. सकाळी नाश्ता झाला की पाहुण्यानं बाहेर पडायचं, ते जेवणाची घंटा होईपर्यंत तोंड दाखवायचं नाही. पाऊस असो, वारा असो. बसा जाऊन धक्क्यावरच्या छपराखाली, नाहीतर घड्याळाच्या मनोऱ्याला वळसे घाला. दरवाजावर वाळूचे पाय घेऊन कुणी उभा राहिला तर विनी त्याला झाडूसकट अंगणात उभा करायची.

ती मूळची हॅलबीची नव्हेच. ब्रॅकशॉची, डोंगरापलीकडच्या गिरणगावची. शाळकरी वयातच मागावर लागली. त्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथल्या बायका आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलतात. विनीला रस्त्यापलीकडच्या माणसाचं बोलणं असं ओठांवरून वाचता यायचं, आणि ज्यांना हे ठाऊक होतं ती माणसं तिच्या खिडकीकडे पाठ करूनच एकमेकांशी बोलायची.

आता गिरणगावांचा रिवाज असा, की वर्षातून एक आठवडा गावातल्या सगळ्या गिरण्या एकदम बंद, आणि गावच्या गाव उठून समुद्रावर. प्रत्येक गावाचा आठवडा ठरलेला, बापजाद्यांपासूनचा. ब्रॅकशॉचा म्हणजे ऑगस्टातला दुसरा. अशाच एका ऑगस्टात विनी आपल्या मैत्रिणींबरोबर आली, कोळंबीची हातगाडी ढकलणाऱ्या क्लेम ऑरमरॉडच्या प्रेमात पडली, आणि पुढच्या वसंतात त्याची बायको होऊन इथं राहिली ती राहिलीच. माहेरी ती पुन्हा कधी गेली नाही. जायचं कशाला? सगळं माहेर वर्षातून एकदा तिच्या दारात यायचं. तिच्या जोडीला मागावर असलेली हॅना डकवर्थ, हॅनाच्या बहिणी, त्यांचे नवरे, पोरं, मग पोरांची पोरं. निघताना जिन्यात उभं राहून हॅना नुसतं म्हणायची, "पुढच्या वर्षी हेच गं, विनी." संपलं. ना पत्र, ना बयाणा. एवढ्या एका बाबतीत विनीनं कधी पुरावा मागितला नाही.

क्लेम गेल्यावर घर चालायचं ते त्या आठवड्यावर. बाकीचा उन्हाळा मीठ-मिरी, खरं पोट त्या आठवड्याचं. म्हणून तर त्या वर्षी एका ग्लासगोच्या मोठ्या कुटुंबानं ऑगस्टातल्या दुसऱ्या आठवड्यासाठी सगळं घर मागितलं, तेव्हा विनीनं दार लावता लावता सांगितलं, "तो ब्रॅकशॉचा आठवडा आहे." ती माणसं समोरच्या बेरिल कॅटरॉलकडे गेली, आणि बेरिलनं दोन्ही हात पसरून त्यांना आत घेतलं.

बेरिल कॅटरॉलला विनी पाण्यात पाहायची. बेरिलचे पडदे नवे, बेरिलचं दार रंगवलेलं, बेरिलकडे पाहुण्यांना दिवसाही बसायला खोली! हॅनाच्या माणसांवर तिचा डोळा आहे याबद्दल विनीच्या मनात शंका नव्हती. पुरावा? गेल्या ऑगस्टात बेरिल रस्त्यात थांबून हॅनाच्या नातवाला गुलाबी साखरेची कांडी देत होती. कशाला देईल हो कुणी फुकट?

तर जून महिन्यातल्या एका शनिवारी विनीच्या दारात एक माणूस आला. साठीचा, अंगानं दणकट, टोपी छातीशी धरलेली. बूट जुने पण चकाचक. पिशवी लहान.

"एनॉक रॅम्सडेन," तो म्हणाला. "आठवड्यासाठी खोली मिळेल का, बाई? मी ब्रॅकशॉचा."

विनीनं त्याच्याकडे खालून वर पाहिलं. "ब्रॅकशॉचे? जूनमध्ये?"

"हो."

"गिरणी सोडून?"

त्यानं टोपी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाला, "एक बोलायचं होतं तुमच्याशी."

"भाडं आगाऊ. वाळू बाहेर. बोलणं चहानंतर," विनी म्हणाली आणि त्याला मागची खोली दिली, जिथून तिला त्याची पावलं ऐकू येत.

स्वयंपाकघरात क्लेमची थोरली बहीण डॉर्कस बटाटे सोलत होती. विनी आत आली ती दार लावूनच. "खोटं बोलतोय मेला. ब्रॅकशॉचा म्हणे! ब्रॅकशॉचा माणूस जूनमध्ये समुद्रावर येईल? धुराडं चालू असताना? पगार कापून घ्यायला?"

"सुट्टी काढली असेल बापड्यानं."

"ब्रॅकशॉत कुणी सुट्टी काढत नाही. मरतात तेसुद्धा शनिवारी दुपारी, गिरणी सुटल्यावर."

डॉर्कस खुदकन हसली. "मग त्या जुन्या डॉक्टरासारखं कर. पेलाभर समुद्राचं पाणी पाज, खरं काय ते ओकेल." हॅलबी गाव वसलं तेच मुळी अशा एका डॉक्टरामुळे. संधिवातावर उपाय म्हणून त्यानं बड्या लोकांना इथलं खारं पाणी पाजलं. संधिवात काही गेला नाही, पण लोक येत राहिले.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला विनीनं धुरावलेला मासा त्याच्यापुढे ठेवला आणि बशी हातातून सोडलीच नाही. "दरवर्षी कुणाकडे उतरता?"

"मी? मी कधी आलो नाही, बाई. समुद्र कालच पाहिला."

शेजारच्या टेबलावरचं म्हातारं जोडपं खायचं थांबलं. साठीचा ब्रॅकशॉकर, आणि हॅलबी पाहिलेलं नाही! तिथली तान्ही पोरंसुद्धा आमच्या वाळूत रांगून गेलेली.

"धक्का कसा वाटला?" विनीनं गोड आवाजात विचारलं. तिचा आवाज गोड झाला की डॉर्कस आतून कान द्यायची. "मध्ये तुटलाय तिथपर्यंत गेला होतात ना?"

"तुटलाय? मला तर धड दिसला."

झालं! युद्धात शत्रू बोटीनं उतरून चालत गावात येऊ नये म्हणून सैन्यानं धक्का मधोमध कापला होता. नंतर तिथं फळ्या टाकल्या, आणि त्या फळ्यांवरून धडधडत पळत जाणं हा ब्रॅकशॉच्या पोरांचा पहिल्या दिवसाचा नेम. आज जी माणसं तिशीत आहेत त्यांचे गुडघे तिथं फुटलेत. आणि ह्याला ठाऊक नाही!

"हात बघितलेस त्याचे?" विनी आत येऊन म्हणाली. "भाजल्याचे डाग आहेत कोपरापर्यंत. विणकराचे हात असे नसतात. कोण आहे हा? कुणी पाठवलाय?"

"कॅटरॉलनं पाठवला असेल," डॉर्कस थट्टेनं म्हणाली. बोलली आणि जीभ चावली, कारण विनी थट्टा विसरून नुसती बघत राहिली होती.

मग काय, संशयाला पाय फुटले. सोमवारी तो घराबाहेर उभा राहून पन्हळीकडे बघताना दिसला. मंगळवारी विनी तळघरात कोळसा आणायला गेली तर हा पाणी तापवायच्या बंबाला कान लावून उभा!

"काय चाललंय?"

तो दचकला. "बंब धापा टाकतोय, बाई. झडप साफ करायला हवी. मी करून देऊ?"

"माझ्या बंबाची काळजी तुम्हाला कशाला? घंटेआधी घरात काय करताय?"

"तुमच्याशीच बोलायला आलो होतो. ते ऑगस्टचं..." एवढं बोलून तो थांबला. विनीच्या हातावर निळं कापड होतं. सातही खोल्यांना ती नवे पडदे शिवत होती, बेरिलच्या पडद्यांवर ताण म्हणून.

"ऑगस्टचं काय?" विनीनं झटकन विचारलं.

"हे पडदे ऑगस्टसाठी?"

"हो. माझी माणसं येतात. तुमच्या गावची, तुम्ही खरंच तिथले असाल तर. हॅना डकवर्थ माहीत असेलच."

"हॅनाला कोण ओळखत नाही," तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला आणि तो जिना चढून निघून गेला. चोराच्या मनात चांदणं, विनी म्हणाली. ऑगस्टचं नाव ह्याच्या तोंडात आलंच कसं? मोजायला आलाय. खोल्या किती, बंब कसा, पन्हळ गळते का, हॅनाची माणसं कुठं झोपतात. तिकडे जाऊन सांगणार आणि ती बया त्यांना ह्याहून चांगलं देऊ करणार. विनीला घाबरायला होत होतं. रागावली होती, पण त्याच्याखाली नुसती भीती होती, आणि ती भीती तिला डॉर्कसलाही सांगता येत नव्हती. हॅना गेली तर घर गेलंच, पण नुसतं घर नव्हे. मग तिला ब्रॅकशॉची म्हणणारं उरलं कोण?

बुधवारी तिनं टोपी घातली आणि त्याच्या मागे गेली. घरमालकिणीनं भर हंगामात, पावाचं पीठ तसंच टाकून, समुद्रावर जाणं म्हणजे आमच्याकडे पुरुषांनीही टोपी काढून बघण्यासारखा प्रकार. रॅम्सडेन सरळ पाण्यापाशी गेला. पोरांना पाठीवर बसवून वाळूत फिरवणाऱ्या गाढवांच्या रांगेजवळ, बूट-मोजे सगळं घालून, लाटांसमोर उभा राहिला. बाजूला पोरं बाहुल्यांचा खेळ बघून किंचाळत होती, तिकडे त्यानं मानही वळवली नाही. कितीतरी वेळ तसाच. मग गाढववाल्याशी काही बोलला. गाढववाल्यानं मान हलवली. कापडी खुर्च्या भाड्यानं देणाऱ्याशी बोलला, त्यानंही मान हलवली. नाचघराच्या मागच्या दारावर गेला, तिथून बाहेर आला तो खांदे पाडून.

विनी गाढववाल्याजवळ गेली. "काय विचारत होता रे तो?"

"काम आहे का म्हणून. मी म्हटलं, बाबा, गाढवंसुद्धा कमी करतोय."

काम! चालत्या गिरणीचा माणूस गाढवांमागे चालायचं काम मागतो? असं कुणी सोंग आणतं का? आणतं, विनीनं ठरवलं. बेरिलकडची माणसं आणतात.

गुरुवारी तो पुन्हा म्हणाला, "बाई, एक मिनिट." तिनं हातातली कढई दाखवून त्याला बाहेर घालवलं. ताकास तूर लागू न देणाऱ्या माणसाशी कसलं मिनिट?

शुक्रवारी दुपारी विनी पुढच्या खोलीत नव्या पडद्याच्या कड्या ओवत होती. समोर बेरिल कॅटरॉल आपली पायरी घासत होती. रॅम्सडेन गल्लीत शिरला तसं बेरिलनं त्याला हाक मारली. तो थांबला. ती उठून काही विचारू लागली. तिची पाठ विनीकडे होती, पण त्याचं तोंड सरळ खिडकीसमोर. विनीनं कड्या खाली ठेवल्या.

"नाही," त्याचे ओठ म्हणाले. "ऑगस्टात ती माणसं ऑरमरॉडबाईंकडे येणार नाहीत."

बेरिलनं साबणाचा हात तोंडावर नेला. मग त्याची बाही धरली, त्याला वळवलं, आणि पुढचं बोलणं त्याच्या पाठीआड गेलं.

विनीला एवढं पुरे होतं. ती जिना चढली. त्याचा शर्ट, वस्तरा, आरशापुढची फणी, सगळं पिशवीत कोंबलं, खाली आली आणि पिशवी पायरीवर आपटली. डॉर्कस पिठाच्या हातांनी धावत आली. "विनी, अगं बये, लोक बघतायत!"

"बघू देत! बघायलाच हवं!" गल्लीतल्या चार खिडक्या उघडल्या. रॅम्सडेन रस्ता ओलांडून येत होता. "घ्या तुमची पिशवी! आठवडाभर माझं अन्न खाल्लंत आणि माझीच माणसं विकलीत? किती दिले हो तिनं? लाज नाही वाटली? हॅनाचं नाव घेताना जीभ कशी झडली नाही?"

तो पायरीखाली उभा राहिला. टोपी पुन्हा छातीशी. "बाई, मी कुणाला विकलं नाही."

"माझ्या डोळ्यांनी वाचलंय! येणार नाहीत म्हणालात!"

"म्हणालो. नाहीच येणार. ब्रॅकशॉची गिरणी बंद झाली, बाई. एक आधीच गेली होती, आता मोठीही गेली. मेअखेरच्या व्हिटसनच्या सुट्टीनंतर दार उघडलंच नाही."

विनी हसली. वाईट हसली. "गिरणी बंद! अहो, गोष्ट रचायची तर पचेल अशी रचा. आणि तुम्ही हो कोण गिरणीतले? विणकर नाही, फिटर नाही, हॅलबी बघितलं नाही!"

"मी बॉयलरवर होतो. चाळीस वर्षं." त्यानं बाह्या थोड्या वर केल्या, डाग दाखवायला नव्हे, उगाच, हाताला काहीतरी हवं म्हणून. "बॉयलर थंड होतो तो त्या एकाच आठवड्यात. आत उतरून खरवडायचा, तर तेव्हाच. सगळं गाव इकडे यायचं, बाई, आणि मी बॉयलरच्या पोटात असायचो. म्हणून राहिलं यायचं. आता म्हटलं, आता जून काय नि ऑगस्ट काय."

डॉर्कसनं पिठाचा हात विनीच्या पाठीवर ठेवला, विनीनं तो झटकला.

"हॅनानं कळवलं असतं मला."

"तीन वेळा बसली लिहायला. लाज वाटते म्हणाली. इतक्या वर्षांत त्यांनी तुम्हाला कधी नाही म्हटलं नव्हतं. मी इकडे येतोय कळल्यावर म्हणाली, एनॉक, तुम्हीच तोंडानं सांगा, पण हळू सांगा." तो विनीच्या मागे, खिडकीतल्या निळ्या कापडाकडे बघत होता. "पहिल्या दिवशीच सांगणार होतो, तुम्ही बोलू दिलं नाही. मग ते पडदे बघितले. मला नाही जमलं."

"आणि तिला बरं जमलं सांगायला!" विनीनं समोर बोट केलं.

"त्यांच्या पाहुण्यांकडून त्यांना कळलं होतं की आमचं धुराडं थंड आहे. मग ऑगस्टात ती माणसं येणार का म्हणून त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. तर म्हणाल्या, आता असेच आत जा आणि सांगा त्या बिचारीला, कुणा दुसऱ्याकडून कळायला नको. आणि ती ग्लासगोची माणसं तुमच्याकडे पाठवते म्हणाल्या."

बिचारी! विनीनं समोर पाहिलं. बेरिल कॅटरॉल पायरीवर उभी होती, ओला फडका हातात तसाच. ती दार लावून आत गेली नव्हती, हसत नव्हती, आणि तिचे डोळे लाल झालेले रस्त्यापलीकडूनही दिसत होते.

विनीनं दाराची चौकट धरली. आठवडाभर तिला झोप नव्हती, पण अंगात जोर होता. बेरिलशी भांडायचं, रॅम्सडेनला घालवायचं, हॅनाला पत्र टाकायचं, परत मिळवायचं, हे सगळं तिनं मनात दहादा केलं होतं. तो बेरिलचा हेर असता तर हॅना कुठंतरी असती, तिला परत आणता आली असती. ती पायरी उतरून त्याच्या अगदी जवळ आली, आणि तिचा आवाज इतका खाली गेला की वरच्या खिडक्यांना काही ऐकू येईना.

"म्हणा ना, तुम्ही तिचेच आहात म्हणून," ती म्हणाली. "तिनंच पाठवलंय तुम्हाला. एकदा म्हणा. मी काही करणार नाही, पोलिसात जाणार नाही, खोलीही ठेवा. नुसतं म्हणा."

एनॉक रॅम्सडेननं तोंड उघडलं. त्यानं खरंच प्रयत्न केला असावा. मग मान हलवली. "नाही हो, बाई."

विनी खाली बसली, पायरीवरच, त्याच्या पिशवीशेजारी. डॉर्कस आत चहाचं आधण ठेवायला गेली. समोरून बेरिल फडका बादलीत टाकून, हात एप्रनला पुसत, रस्ता ओलांडून येत होती. विनीनं तिच्याकडे पाहिलं, बुटांकडे नाही, सरळ तोंडाकडे, आणि विनीकडे घ्यायला एकही संशय उरला नव्हता.